कर्जाचा सल्ला कोणाकडून घ्यावा? खान्देशातील कर्जदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्ज समुपदेशन म्हणजे नेमके काय?

एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न, खर्च आणि डोक्यावरची सर्व देणी एकत्र मांडून, कोणते देणे आधी फेडावे, कोणत्या बँकेकडे मुदतवाढ मागावी, कोठे पुनर्गठन (हप्ते आणि मुदत नव्याने बांधून घेणे) शक्य आहे आणि कोठे तडजोडीशिवाय इलाज नाही, हे त्या कुटुंबाला समजावून सांगणे म्हणजे कर्ज समुपदेशन. समुपदेशक कर्ज देत नाही, मिळवूनही देत नाही. जळगावच्या नवीपेठेत किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर ‘लोन करून मिळेल’ अशी पाटी लावून बसलेला माणूस बँकेचा किंवा वित्तकंपनीचा दलाल असतो. त्याचे उत्पन्न नवीन कर्ज मंजूर होण्यावर अवलंबून असते. म्हणून जुन्या कर्जाने गांजलेल्या माणसाला त्याचा सल्ला बहुधा आणखी एका कर्जाचाच असतो.

सल्ला घेण्याची वेळ आली आहे हे कसे ओळखावे?

एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्याकडून पैसे उचलावे लागू लागले की वेळ आली असे समजावे. सोसायटीचे पीक कर्ज नवे-जुने करण्यासाठी (जुने फेडून लगेच नवे उचलण्यासाठी) दरवर्षी मार्चमध्ये आठ-पंधरा दिवसांकरिता सावकाराकडून रक्कम उचलणे हा आपल्याकडे इतका रुळलेला प्रकार आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण त्या पंधरा दिवसांचे व्याज वर्षाच्या दराने मांडून पाहिले, तर पीक कर्जावरील व्याजसवलतीचा मोठा भाग तेथेच जिरलेला दिसतो.

शक्य असेल तर खाते थकीत होण्यापूर्वी जावे. हप्त्याचे कर्ज ९० दिवसांहून अधिक थकले की बँक ते अनुत्पादक (एनपीए, म्हणजे वसुली धोक्यात आलेले) ठरवते. पीक कर्जाला हा नियम पिकाच्या हंगामानुसार लागतो. त्यानंतरही मार्ग असतात, मात्र ते कमी आणि महाग असतात.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत विनामूल्य सल्ला कोठे मिळतो?

प्रत्येक जिल्ह्यासाठी एक अग्रणी बँक नेमलेली असते. ही पद्धत १९६९ पासून चालू आहे. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये बँकांना वित्तीय साक्षरता व कर्ज समुपदेशन केंद्रांची योजना आखून दिली, आणि २०१२ मध्ये त्या योजनेत बदल करून अग्रणी बँकेच्या जिल्हा कार्यालयांकडे वित्तीय साक्षरता केंद्रांची जबाबदारी सोपवली. या केंद्रात सल्ल्याचे पैसे लागत नाहीत. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक कोणती आणि तिचे कार्यालय कोठे आहे, हे कोणत्याही राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत विचारले तरी कळते. याशिवाय २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने स्वयंसेवी संस्थांमार्फत तालुका पातळीवरही वित्तीय साक्षरता केंद्रे चालवली जातात.

या केंद्रांची मर्यादाही सांगितली पाहिजे. तेथील समुपदेशक बहुधा निवृत्त बँक अधिकारी असतो. बँकेचे नियम त्याला तोंडपाठ असतात, पण खासगी सावकाराच्या किंवा जमिनीच्या वादाच्या प्रकरणात तो फार पुढे जाऊ शकत नाही. तसे प्रकरण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी तेथे मोफत वकील मिळतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी कुटुंबांना ही सोय सर्वांत उपयोगी आहे, आणि दुर्दैवाने तिची माहितीही तेथेच सर्वांत कमी पोहोचली आहे. बचत गटातील महिलांनी ‘उमेद’ (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा ‘माविम’च्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) तालुक्यातील कर्मचाऱ्यांना विचारण्यापासून सुरुवात केली तरी चालते.

खासगी समुपदेशकाला सरकारी परवाना असतो का?

कर्ज समुपदेशकासाठी स्वतंत्र परवाना देणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. म्हणूनच ‘रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेले समुपदेशक’ अशी पाटी किंवा माहितीपत्रक दिसले की तेथूनच मागे फिरावे; खोट्यापासून सुरू झालेला सल्ला पुढे खरा होत नाही. कंपनी म्हणून नोंदणी, जीएसटी क्रमांक किंवा उद्यम प्रमाणपत्र दाखवले जाते, पण त्यावरून व्यवसाय नोंदलेला आहे एवढेच सिद्ध होते. सल्ला प्रामाणिक असल्याची हमी त्यातील एकही कागद देत नाही. कर्ज देणारी वित्तकंपनी मात्र नोंदणीकृत आहे की नाही हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आणि ‘सचेत’ या तिच्या संकेतस्थळावर तपासता येते.

मग विश्वासू समुपदेशक ओळखायचा कसा?

तो पहिल्या भेटीत काय विचारतो, यावरून. आमच्या मते ही एक कसोटी बाकी सर्व कसोट्यांपेक्षा वरचढ आहे.

खान्देशातील कुटुंबाचे कर्ज क्वचितच एका जागी असते. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाचे पीक कर्ज विकास सोसायटीकडे असते, ठिबक संचाचे किंवा ट्रॅक्टरचे कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेत, घरातील दागिने सोनेतारणात, पत्नीच्या नावावर गटाचे कर्ज, खत-औषधाच्या दुकानात उधारी, केळीच्या व्यापाऱ्याकडून उचललेली आगाऊ रक्कम, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराला, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याला, द्यायची उचल, आणि या सर्वांच्या जोडीला मेहुण्याकडून किंवा मित्राकडून घेतलेले हातउसने, ज्याचा कोठे कागदच नसतो. यांपैकी फक्त बँकेचे कर्ज पाहून जो सल्ला देतो, त्याचा सल्ला कागदावर कितीही नीट दिसला तरी घरी पोहोचेपर्यंत टिकत नाही, कारण बँकेसाठी वाचवलेला पैसा व्यापारी किंवा सावकार आधीच घेऊन गेलेला असतो.

म्हणून चांगला समुपदेशक प्रथम सर्व देण्यांची यादी करायला लावतो, हातउसन्यांसकट. कोणाच्या कर्जाला तुम्ही जामीनदार आहात का, हे तो विचारतो. पैसा वर्षाच्या कोणत्या महिन्यात घरात येतो हे विचारतो. कापूस विकणाऱ्याचे आणि भुसावळला रेल्वेत नोकरी करणाऱ्याचे हप्त्याचे वेळापत्रक एकच असू शकत नाही. मंजुरीपत्र, खातेउतारा, सातबारावरील बोज्याची नोंद हे सर्व पाहिल्याशिवाय तो आकडा उच्चारत नाही. शेवटी ‘हे माझ्याकडून होणार नाही, तुम्ही वकिलाकडे जा’ असे म्हणण्याची त्याची तयारी असते.

याउलट ज्याने पहिल्या दहा मिनिटांत ‘तुमचे पाच लाखांचे दोन लाखांत करून देतो’ असे सांगितले, त्याने कागद पाहिलेलेच नाहीत. तडजोडीची रक्कम प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणानुसार बँकच ठरवते. बाहेरच्या माणसाला तिची हमी देता येत नाही.

फी किती असावी, आणि आगाऊ द्यावी का?

सल्ला, अर्जलेखन किंवा बँकेतील भेटीसाठी ठरावीक, लेखी सांगितलेली आणि पावतीसह घेतली जाणारी फी देण्यात गैर काही नाही. सनदी लेखापाल किंवा वकील तशीच घेतात. वाचलेल्या रकमेवर टक्केवारी मागणाऱ्यापासून सावध राहावे, आणि ‘फायलीचा खर्च’, ‘साहेबांचे’ अशा नावांनी रोख मागणाऱ्याला काहीच देऊ नये. कर्जाचे हप्ते समुपदेशकाच्या खात्यात जमा करून त्याने पुढे बँकेत भरावेत ही व्यवस्था तर कोणत्याही परिस्थितीत स्वीकारू नये. कर्जखात्याचे पैसे कर्जखात्यातच, स्वतःच्या हाताने भरावेत.

‘हप्ते भरणे थांबवा, मग बँक आपोआप तडजोडीला येईल’ हा सल्ला योग्य आहे का?

नाही. सर्वांत अधिक नुकसान याच सल्ल्याने होते, म्हणून याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

बँका थकीत खात्यांत एकरकमी तडजोड करतात, एवढा भाग खरा आहे. पण थकबाकी मुद्दाम निर्माण करून तडजोडीची वाट पाहण्याच्या काळात काय घडते, हे असा सल्ला देणारा सांगत नाही. व्याज चालूच राहते आणि त्यावर दंडात्मक आकार लागतो. (रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशामुळे बँकांना आणि वित्तकंपन्यांना हा आकार मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, आपल्या उताऱ्यात तसे झाले आहे का, हे चांगला समुपदेशक तपासतो.) तारण म्हणून दिलेला धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला उभा राहू शकतो, ज्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. खात्यातून परस्पर हप्ता कापण्याचा आदेश न वटला तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तशीच तरतूद आहे. घर तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याची (बँकेला न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते. शेतजमिनीला तो कायदा लागू होत नाही, पण त्यामुळे शेतजमीन वसुलीपासून पूर्णपणे सुरक्षित झाली असे समजू नये. वसुलीचे इतर मार्ग उरतातच.

शिवाय तडजोड झाली तरी पतअहवालात (आपल्या कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल, ज्याला बोलण्यात ‘सिबिल’ म्हणतात) त्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पूर्ण फेडलेल्या कर्जाचा शेरा वेगळा असतो, आणि पुढचा बँक अधिकारी दोन्ही शेरे वेगवेगळ्या नजरेने वाचतो. ज्याला मुलाच्या शिक्षणासाठी किंवा पुढच्या हंगामासाठी पुन्हा बँकेच्याच दारात जायचे आहे, त्याने ही किंमत आधी मोजावी.

ज्याच्याकडे खरोखरच भरण्यासारखे काही उरलेले नाही, त्याच्यासाठी तडजोड हा रास्त मार्ग आहे. अशा वेळी स्वतः शाखेत अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी, किंवा लोक अदालतीत प्रकरण ठेवण्याची विनंती करावी. तेथे झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम आणि मुदत दोन्ही झेपतील का, याचा हिशेब करावा. पैसे भरल्यावर बेबाकी दाखला (देणे उरले नसल्याचा दाखला) आणि तारणाची कागदपत्रे मागून घ्यावीत. कर्ज पूर्ण फेडल्यावर किंवा तडजोडीने मिटल्यावर ३० दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत न मिळाल्यास, विलंब संस्थेमुळे झाला असेल तर, दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचे बंधन आहे. सातबारावरील बोजा कमी झाल्याची नोंद तलाठ्याकडे जाऊन स्वतः पाहावी.

‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवावा का?

पतअहवालातील खरी नोंद कोणीही पैसे घेऊन पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यास पैसे लागत नाहीत. देशात ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. फेडलेले कर्ज थकीत दाखवले असेल किंवा नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढले असेल (पाटील, महाजन, चौधरी यांच्या गर्दीत हे घडते), तर त्या कंपनीकडे किंवा बँकेकडे तक्रार नोंदवावी. तीस दिवसांत निवारण न झाल्यास त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

कर्जमाफीचे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था खऱ्या असतात का?

नसतात. शुल्क घेऊन कर्जमाफीची प्रमाणपत्रे वाटणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी जाहीर इशारा दिला आहे. शासनाची कर्जमाफी शासन निर्णयाने येते आणि लाभार्थ्यांच्या याद्या बँका व सोसायट्यांमार्फत लागतात.

पीक कर्जासाठी वेगळा विचार करावा लागतो का?

होय, आणि ज्याला हा फरक माहीत नाही त्याच्याकडून शेतकऱ्याने सल्ला घेऊ नये. मुदतीत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज जवळजवळ शून्यावर येते. म्हणजे घरात असलेल्या सर्व देण्यांत हे सर्वांत स्वस्त देणे असते. तरीही ‘माफी येणार आहे, भरू नका’ असे गावागावांत सांगितले जाते. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीचा लाभ अनेकांना झाला हे खरे. पण माफी कोणत्या तारखेपर्यंतच्या, किती रकमेच्या आणि कोणत्या प्रकारच्या कर्जाला मिळेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते, आणि तोवर सवलत गेलेली, खाते थकलेले आणि पुढच्या हंगामाचे कर्ज अडलेले असते.

गारपीट, वादळ किंवा अतिवृष्टीने पीक गेले असेल आणि शासनाने तसे जाहीर केले असेल, तर पीक कर्जाचे मुदत कर्जात रूपांतर करून घेता येते. नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असावे लागते. मे-जूनच्या वादळात आडव्या झालेल्या केळीच्या बागा तापीकाठाला नवीन नाहीत. अशा वर्षी पंचनाम्याची प्रत, विमा अर्जाची पोच आणि पुनर्गठनाचा अर्ज या तीन कागदांबद्दल जो समुपदेशक स्वतःहून विचारतो, त्याला शेती कळते असे मानायला हरकत नाही.

पतसंस्थेचे कर्ज आणि जामीनदाराची अडचण असल्यास?

पतसंस्था बँक नसते. तिच्यावर सहकार खात्याचे नियंत्रण असते, त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्याविरुद्ध तक्रार चालत नाही. पतसंस्थांच्या पडझडीत ठेवी अडकलेली कुटुंबे जळगाव जिल्ह्यात पुष्कळ आहेत, म्हणून या संस्थांचे नाव निघाले की ठेवींचीच चर्चा होते आणि कर्जदार व जामीनदार यांच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवून पतसंस्था जप्तीपर्यंत जाऊ शकते, आणि ही वसुली जामीनदाराकडूनही होते. समुपदेशकाने दाखल्याच्या सुनावणीची नोटीस आली आहे का, हे विचारले पाहिजे. त्या सुनावणीत हिशेबावर हरकत घेता येते. नोटीस न स्वीकारता परत पाठवणारे ही संधी घालवतात.

खासगी सावकाराचे देणे समुपदेशकाला सांगावे का?

अवश्य सांगावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारकासाठीही शेतकऱ्याला तारण कर्जावर वार्षिक ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, तर इतरांना अनुक्रमे १५ आणि १८ टक्के हे कमाल दर ठरवून दिलेले आहेत. चक्रवाढ व्याज घेता येत नाही आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येत नाही. ‘शेकडा पाच’ म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. कायद्याने ठरवलेल्या दराशी त्याचा ताळमेळच नाही. अवैध सावकारीत जमीन लिहून दिली गेली असेल, तर चौकशीअंती ती परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांना काढता येतो. यासाठी वकिलाची मदत घ्यावी, आणि जो समुपदेशक सावकाराशी ‘आपसात मिटवून’ देण्याची घाई करतो त्याचा त्यात काय संबंध आहे, हे गावात विचारून घ्यावे.

गटाच्या कर्जाच्या वसुलीसाठी माणसे घरी येऊन बसतात. समुपदेशक काय करू शकतो?

तो नियम सांगू शकतो आणि तक्रार लिहून देऊ शकतो. सूक्ष्म वित्त कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर संपर्क करता येत नाही. इतर बँक कर्जांसाठी ही वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७ आहे. धमकावणे, शिवीगाळ करणे, नातलगांना त्रास देणे यांस मनाई आहे. वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्म वित्त ठरते, आणि २०२२ च्या नियमांनुसार अशा कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. एकाच बाईच्या नावावर चार-चार कंपन्यांची कर्जे असतील, तर ती देताना हे पाहिले गेले होते का, हा प्रश्न लेखी विचारता येतो.

समुपदेशकाला कोणती कागदपत्रे द्यावीत?

छायाप्रती द्याव्यात, आणि प्रत्येक प्रतीवर ‘फक्त कर्ज सल्ल्यासाठी’ असे लिहून तारीख टाकावी. मूळ खरेदीखत, सही केलेले कोरे धनादेश, कोरा मुद्रांक कागद, ओटीपी, यूपीआय पिन यांतील काहीही कोणाला देऊ नये. मोबाइलचा पडदा दूरवरून पाहू देणारे ॲप टाकायला सांगितले तर नकार द्यावा. जमिनीचे मुखत्यारपत्र मागणारा माणूस समुपदेशक नाही.

घरातील इतरांना सोबत न्यावे का?

न्यावे, निदान ज्यांच्या सह्या कर्जावर आहेत त्यांना तरी न्यावे. लपवलेले देणे घरी उघडे पडेपर्यंत कोणतीही योजना पाळली जात नाही, हे समुपदेशन करणारा कोणीही सांगेल.

सल्ल्याच्या नावाखाली फसवणूक झाली तर कोठे जावे?

पैसे ऑनलाइन गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. लवकर कळवल्यास रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. समोरासमोर फसवणूक झाली असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. फी घेऊन काम केले नाही, अशा प्रकरणी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही आणि वकील नेमणे सक्तीचे नाही. बँकेच्या किंवा वित्तकंपनीच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर प्रथम त्यांच्याकडेच लेखी द्यावी, आणि ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करावी. तिची माहिती १४४४८ या क्रमांकावर मराठीतही मिळते. या प्रत्येक ठिकाणी पावती, संदेश आणि पहिल्या दिवसापासूनच्या तारखा मागितल्या जातात, त्यामुळे समुपदेशकाशी झालेले व्हॉट्सॲपवरील बोलणे प्रकरण मिटेपर्यंत पुसू नये.